चार्ज कुणाला दिला? एनसीसीच्या कॅम्पमधून मी आणलेली आणि विसरलेली शिस्त



मागच्या महिन्यात 'स्टाफ सांभाळायचा कसा' हा व्हिडिओ करताना मी बोलण्याच्या ओघात म्हणून गेलो, "मी एनसीसीवाला माणूस आहे, मला शिस्त लागते." झालं! त्यानंतर बॅचमध्ये, फोनवर, अगदी एका लग्नात जेवणाच्या रांगेत सुद्धा मला एकच प्रश्न आला: सर, मिलिटरीसारखी शिस्त आपल्या दुकानात आणायची कशी?

प्रश्न साधा आहे. पण त्याचं उत्तर दहा मिनिटांच्या व्हिडिओत मावत नाही. दुसरं म्हणजे, त्या उत्तरात माझीच एक जुनी चूक आहे आणि ती कॅमेऱ्यासमोर सांगायला अजून जीभ रेटत नाही. म्हणून इथे लिहितोय. चहा घेऊन बसा, थोडं लांबेल.

आधी कॅम्पची गोष्ट.

१९९५ साली मी अकरावीत होतो. सातारा जिल्ह्यातलं तालुक्याचं कॉलेज. एनसीसी घेतली ती देशभक्तीसाठी वगैरे नाही. खरं कारण सांगतो: परेडनंतर समोसा आणि केळी मिळायची आणि खाकी ड्रेस घालून स्टँडवरून चालत गेलं की लोक बघायचे. एनसीसी ही संघटना १९४८ पासून आहे, तिचं ब्रीदवाक्य 'एकता और अनुशासन' आहे, हे सगळं 'बी' सर्टिफिकेटच्या परीक्षेसाठी पाठ केलं तेव्हा कळलं.

दिवाळीनंतर दहा दिवसांचा कॅम्प लागला. चारेकशे पोरं, तंबू, पहाटे पाचला शिट्टी, मगमध्ये चहा, मग पीटी, मग ड्रिल. आम्हाला शिकवायला सैन्यातून आलेला स्टाफ असायचा. आमच्या कंपनीला मराठा लाइट इन्फंट्रीतले एक हवालदार होते. त्यांना 'सर' म्हणायचं नाही, 'उस्ताद' म्हणायचं. बोलणं सगळं हिंदीत, पण रागावले की शुद्ध कोल्हापुरी.

सहाव्या रात्री माझा पहारा होता, दोन ते चार. जागा कुठली, तर रेशनचा तंबू. हातात काठी, गळ्यात मफलर, आणि मनात एकच विचार, चार कधी वाजतात. चार वाजले. पुढचा कॅडेट आला नाही. पाच मिनिटं थांबलो, सात मिनिटं थांबलो. मग मी मनाशी म्हटलं, माझी ड्युटी दोन ते चार होती, ती संपली. पुढचा आला नाही हा त्याचा प्रश्न आहे. आणि जाऊन झोपलो.

पुढच्याला उठवायचं काम गार्ड कमांडरचं होतं. तो आमचाच एक सीनियर कॅडेट, तोही झोपलेला. अर्ध्या तासात गावातली कुत्री तंबूत शिरली आणि नाश्त्याच्या पावाच्या लाद्या फाडून गेली. सकाळी चारशे पोरांच्या नाश्त्याची बोंब.

उस्तादांनी मला बोलावलं. मला वाटलं आता कानाखाली बसणार. त्यांनी आवाज सुद्धा चढवला नाही. एवढंच विचारलं, "चार्ज किसको दिया?"

मी म्हटलं, "उस्ताद, टाइम हो गया था."

"टाइम तो घड़ी का हुआ. चार्ज किसको दिया?"

मला उत्तर नव्हतं. मग ते मराठीवर आले. म्हणाले, तू चार वाजेपर्यंत उभा नव्हतास. पुढचा माणूस समोर येऊन उभा राहीपर्यंत उभा होतास. चार ही फक्त त्यानं यायची वेळ. तू त्याला सांगणार, इथं एवढं सामान आहे, दोरी इथं सैल आहे, कुत्री या बाजूनं येतात. तो म्हणणार, कळलं. मग तू सुटलास. त्याआधी नाही.

मला आणि त्या गार्ड कमांडरला शिक्षा झालीच. रायफल दोन्ही हातांनी डोक्यावर धरून ग्राउंडच्या तीन फेऱ्या. ती डमी रायफल, ड्रिलची, पण वजन खरं असतं हो. दुसऱ्या फेरीत दंड थरथरायला लागले.

आता यातली एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, कारण मी ती बारा वर्षं विसरलो होतो. आम्ही फेऱ्या मारत असताना उस्ताद कॅम्प कमांडंटसमोर सावधानमध्ये उभे होते. तिसऱ्या फेरीला आम्ही जवळून गेलो तेव्हा त्यांचं वाक्य कानावर पडलं, "साब, रात को गार्ड मैंने चेक नहीं किया." कुत्र्यांचं नाव नाही, आमचं नाव नाही.

त्या वयात मला काय लक्षात राहिलं? डोक्यावरची रायफल. पुढे कितीतरी वर्षं मित्रांना ही गोष्ट सांगताना मी रंगवून सांगायचो ती शिक्षाच.

माझं प्रेस

२००३ मध्ये मी प्रिंटिंग प्रेस टाकलं. एक सेकंडहँड ऑफसेट, एक जुनं ट्रेडल, कंपोझिंगसाठी एक कॉम्प्युटर, आणि माणसं चार. लग्नपत्रिका, बिलबुकं, शाळांच्या प्रश्नपत्रिका, दिवाळीत शुभेच्छापत्रं.

मी ठरवलं, आपल्याकडे मिलिटरी शिस्त. भिंतीवर पाटी लावली. सकाळी साडेनऊला हजेरी, उशीर झाला की वीस रुपये दंड. गल्ल्याजवळ उभं राहून मोठ्या आवाजात ऑर्डर. पोरं घाबरायची आणि मला वाटायचं, वा, जमलं! मी स्वतः मात्र साडेदहा-पावणेअकराला यायचो. मालकाला बँकेची कामं असतात ना. पगाराची तारीख ७ ठरलेली, पण द्यायचो कधी १०, कधी १३. त्याला काही दंड नव्हता.

२००७ चा उन्हाळा. लग्नसराईत प्रेसवाल्याला जेवायला वेळ नसतो. एका निवृत्त शिक्षकांच्या मुलीची पत्रिका आमच्याकडे आली, ७०० प्रती. प्रूफ झालं, मी सकाळी बघितलं, सही करून 'छापा' म्हणून लिहिलं आणि कागद आणायला साताऱ्याला गेलो. दुपारी गुरुजींचा मला मोबाइलवर फोन आला. मुहूर्त बदलला होता. दुपारी १२.३५ चा सकाळी ११.०५ झाला होता. मी म्हटलं, काळजीच करू नका. लगेच प्रेसला फोन लावला. बायंडिंगच्या पोरानं उचलला. एकोणीस वर्षांचा पोरगा, गोंदाचे हात घेऊन. मी म्हटलं, "कंपोझवाल्याला सांग, गुरुजींच्या पत्रिकेत टाइम अकरा-पाच कर." तो म्हणाला, "हो दादा."

पुढचं तुम्हाला कळलंच असेल. कंपोझवाला जेवायला गेलेला. पोरानं आल्यावर सांगितलं म्हणे. कंपोझवाला म्हणतो, मला कोणी काही बोललं नाही. तोवर प्लेट तयार होती, मशीनवाल्यानं चढवली, छापली. तिसऱ्या दिवशी गुरुजी पत्रिका घेऊन गेले. घाईत त्यांनीही बघितलं नाही. दोनशे वाटून झाल्यावर त्यांच्या भाच्याच्या लक्षात आलं.

आम्ही रात्रभर बसून राहिलेल्या पाचशे पुन्हा छापल्या, फुकट. पण गेलेल्या दोनशेचं काय? त्यांनी फोन केले, निरोप धाडले. तरी लग्नाच्या दिवशी गुरुजींच्या जुन्या शाळेच्या गावाहून टेम्पो भरून माणसं आली ती पावणेबाराला. पंचवीस-तीस माणसं, अहेर घेऊन. अक्षता पडून पंगत बसली होती. गुरुजी मला दोन दिवसांनी भेटले. भांडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "ज्या गावात मी बावीस वर्षं काढली, ती माणसं दारात उभी राहिली आणि मला त्यांच्याकडे बघवेना."

मी प्रेसवर आलो आणि सगळ्यांना ओळीत उभं केलं. फॉलिन! मनात कुठेतरी तो ग्राउंड होता. आरडाओरडा केला. आणि बायंडिंगच्या पोराच्या पगारातून १००० रुपये कापले. त्याचा पगार २८०० होता. तो काहीच बोलला नाही. महिना भरला, पगार घेतला, ॲप्रन घडी करून टेबलावर ठेवला आणि गेला तो परत आला नाही. मी इतरांना म्हटलं, बघा, शिस्त नको असलेली माणसं अशी गळून पडतात.

पावसाळ्यात एकदा जुन्या कामांची पाकिटं आवरत होतो. त्यात गुरुजींचं पाकीट निघालं. आत ते प्रूफ. त्यावर स्वच्छ '१२.३५', खाली माझी सही, 'छापा'. एकही दुरुस्ती नाही. म्हणजे कागदाप्रमाणे माझ्या माणसांनी बिनचूक काम केलं होतं! दुरुस्ती फक्त हवेत होती. ती मी ऐकली, गोंदाचे हात असलेल्या पोराच्या कानात टाकली आणि माझ्यापुरता विषय संपवला. माझा टाइम झाला होता.

चार्ज मी कुणालाच दिला नव्हता. गुरुजींचा फोन मी घेतला, म्हणजे पहारा माझा होता.

तर शिस्त म्हणजे नेमकं काय शिकवतात?

आपण सिनेमात बघतो ते ओरडणं, शिव्या, चिखलात लोळवणं. म्हणून आपल्याला वाटतं मिलिटरी ट्रेनिंग म्हणजे भीती. पण ज्यांनी ड्रिल शिकलंय त्यांना आठवेल, उस्ताद नवीन हालचाल शिकवायला घेतात तेव्हा त्याला एक ठरलेला क्रम असतो. आधी 'जरूरत' सांगायची. दाहिने मुड़ कशाला लागतं? तर उभ्या उभ्या तोंड उजवीकडे फिरवायचं असतं तेव्हा. मग 'नमूना', म्हणजे उस्ताद स्वतः करून दाखवणार. आधी पूर्ण, मग तुकडे करून, 'गिनती से', एक, दो. त्याबरोबर 'बयान', म्हणजे टाच कुठली, पंजा कुठला, हात कुठे, हे तोंडी. मग पोरं करणार, उस्ताद बघणार, चुकलं तिथे थांबवून दुरुस्त करणार. ओरडणं कधी येतं? हे सगळं दहा वेळा झाल्यावरही तुम्ही डावीकडे वळलात तर.

मी प्रेसमध्ये काय केलं? जरूरत नाही, नमूना नाही, बयान नाही. डायरेक्ट ओरडणं. कॅम्पमधून मी फक्त आवाज उचलून आणला होता.

जरूरत सांगणं हा भाग आपल्या धंद्यात सगळ्यात जास्त राहतो. मालकाला वाटतं, सांगितलं ना कर म्हणून, कारण कशाला? यावर मला नेहमी शिवाजी महाराजांचं एक पत्र आठवतं. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या आगेमागे, चिपळूणजवळ हलवर्ण इथे छावणीत असलेल्या आपल्या जुमलेदार, हवालदार, कारकुनांना लिहिलेलं. विषय अगदी घरगुती: पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा आणि गवत जपून वापरा. नुसतं 'जपून वापरा, नाहीतर शिक्षा' एवढं लिहून महाराज थांबू शकले असते. त्यांच्याएवढा अधिकार कुणाला होता? पण ते एकेक पायरी उलगडून सांगतात. आता मन मानेल तसं उधळलंत तर ऐन पावसात काही मिळणार नाही. घोडी उपाशी मरतील, म्हणजे ती तुम्हीच मारल्यासारखं होईल. मग तुम्ही रयतेच्या घरात हात घालाल. लोकांना वाटेल यांच्यापेक्षा मोगल बरे. मग विस्तवाची गोष्ट. कुणी गवताच्या आसपास चूल पेटवेल, कुणी चिलमीसाठी विस्तव नेईल, रात्री दिवा तसाच राहिला तर उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि एका गंजीला लागलेली आग सगळ्या गंज्या खाईल. आणि त्यानंतर, महाराज सांगतात, कुणाच्या माना मारल्या, कुणाला कितीही ताकीद केली, तरी गेलेलं परत उभं राहणार नाही.

उंदीर आणि दिव्याची वात! एवढ्या मोठ्या राज्याचा धनी उंदरापर्यंत विचार करतो आणि तो विचार खालच्या माणसाला समजावून देतो. मी माझ्या पोराला एवढं तरी सांगितलं होतं का, की बाबा, पत्रिकेतली वेळ चुकली तर टेम्पोभर माणसं लग्नाला मुकतात? नाही. आणि आग लागून गेल्यावर मी त्याची मान मारली.

दंडाबद्दल एक गोष्ट, कायद्याची

हे मला फार उशिरा कळलं, तुम्ही तरी वेळेवर ऐका. पगारातून दंड कापणं ही मालकाची मर्जी नाही. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यात एका पगारी महिन्यात दंडाची मर्यादा त्या महिन्याच्या वेतनाच्या ३ टक्के होती. २०१९ च्या वेतन संहितेतही तीच ३ टक्के आहे. कुठल्या चुकांना दंड लागतो हे आधी जाहीर केलेलं हवं, आणि दंड करण्याआधी त्या माणसाचं म्हणणं ऐकलं पाहिजे. आणि आलेला दंड मालकाच्या खिशात जात नाही, तो कामगारांच्याच हितासाठी वापरायचा. निष्काळजीपणानं झालेल्या नुकसानीची कपात वेगळ्या तरतुदीत येते. तिथेही आधी ऐकून घ्यावं लागतं आणि नुकसानीपेक्षा जास्त कापता येत नाही. तुमच्या दुकानाला, वर्कशॉपला नेमकं काय लागू होतं ते कामगार सल्लागाराला विचारा.

२८०० चे ३ टक्के म्हणजे ८४ रुपये. मी कापले होते हजार, आणि त्याचं म्हणणं ऐकण्यासाठी एक मिनिटही दिलं नव्हतं. वर स्वतःला शिस्तीचा माणूस म्हणवत होतो.

आणि इथेच मिलिटरीची नक्कल कुठे थांबते तेही बघू. सैनिक १९५० च्या आर्मी ॲक्टखाली असतो. युद्धाच्या काळात पहाऱ्यावर झोपलेल्या संत्र्याला कोर्ट मार्शलमध्ये मृत्युदंडापर्यंत शिक्षा होऊ शकते, कारण त्याच्या झोपेची किंमत आतल्या सगळ्यांचा जीव असते. तुमच्या दुकानातला माणूस असा बांधलेला नाही. एक तारखेला पगार घेऊन तो शेजारच्या दुकानात जाऊ शकतो, आणि जातोच. शिवाय सैन्य त्या सैनिकाचा संसार अंगावर घेतं: राहणं, जेवण, दवाखाना, पेन्शन, तो गेला तर मागे घर. आपण आठ-दहा हजार पगार देणार, तोही १३ तारखेला, आणि मागणार काय? तर जीव ओवाळून टाकणारी निष्ठा. हा हिशोब कुठेच बसत नाही. डेहराडूनच्या इंडियन मिलिटरी ॲकॅडमीत चेटवुड हॉलमध्ये जे ब्रीद कोरलेलं आहे त्याचा आशय तुम्ही ऐकला असेल: देश पहिला, हाताखालची माणसं त्यानंतर, आणि अधिकाऱ्याची स्वतःची सोय शेवटी, दर वेळी शेवटी. हे ब्रीद आपण ऑफिसात फ्रेम करून लावतो, पण वाचताना मधली ओळ गाळतो.

काही जण विचारतात, सर, एखादा माजी सैनिक सुपरवायझर म्हणून ठेवला तर शिस्त येईल का? माणूस जरूर ठेवा, बहुतेक वेळा तुमच्यापेक्षा आधी कामावर पोचेल. पण शिस्तीचं कंत्राट त्याला देऊन तुम्ही साडेदहाला येणार असाल, तर सहा महिन्यांत तो बिचारा कंटाळून गेट सांभाळायला लागेल. मी असं दोन कारखान्यांत बघितलंय.

स्वतःची शिस्त, म्हणजे कुणी बघत नसताना

यावर मी फार प्रवचन देणार नाही. पहाटे चारला उठा, थंड पाण्याने अंघोळ करा, असं सांगणारे खूप आहेत. मला सेल्फ-डिसिप्लिनबद्दल जे थोडं कळलंय ते बेल्टच्या पितळी बकलावरून कळलंय.

कॅम्पमध्ये रोज रात्री बकल ब्रासोने घासायचं. समोरची बाजू सगळेच घासतात. आमचे उस्ताद सकाळी इन्स्पेक्शनला बकल उलटं करून मागची बाजू बघायचे. पहिल्या दिवशी सगळी कंपनी नापास! तिसऱ्या दिवसापासून त्यांनी उलटं करून बघणं बंद केलं. आणि गंमत म्हणजे आम्ही दहाव्या दिवसापर्यंत मागची बाजू घासत राहिलो. बघतील या भीतीने? थोडी भीती असेल. पण उस्तादांचं स्वतःचं बकल मागून चमकायचं हे आम्ही बघितलं होतं. ते शिट्टीच्या आधी दाढी करून, बूट चमकवून उभे असायचे. आम्ही डोळे चोळत बाहेर यायचो तेव्हा तो माणूस तिथे असायचाच.

मालकाच्या बकलाची मागची बाजू कुठली? तुम्ही स्वतः गल्ल्यातून पैसे उचलता तेव्हा चिठ्ठी टाकता का. स्टाफला मोबाइल बंद ठेवायला सांगून तुम्ही काउंटरवर रील बघता का. उधारीचा नियम तुमच्या साडूला लागू आहे का. पोरं हे सगळं बघत असतात. बोलत नाहीत, एवढंच.

मग मी काय बदललं?

ते पाकीट सापडल्यावर लगेच काही झालं नाही, खोटं कशाला बोलू. महिनाभर मी ते ड्रॉवरमध्ये लपवून ठेवलं. मग एका सकाळी साडेनऊच्या आधी जाऊन शटर मी उघडलं आणि सगळ्यांसमोर ते प्रूफ टेबलावर ठेवलं. म्हटलं, ही सही माझी आहे. मशीनवाला काका बराच वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "दादा, आम्हाला ते तेव्हाच माहीत होतं." माझ्या प्रेसमध्ये सगळ्यांना माहीत होतं आणि मला सांगायची कुणाची हिंमत नव्हती. अशी शिस्त होती माझी.

त्या दिवशी पाकिटावर एक छापील तक्ता चिकटवला. त्यालाच आम्ही जॉब कार्ड म्हणायला लागलो. दुरुस्ती ज्याने ऐकली त्यानेच ती हाताने लिहायची, वेळ टाकायची, सही करायची. मी साताऱ्याला असलो तर फोनवर निरोप द्यायचा नाही. समोरच्याने तो लिहून घ्यायचा आणि मला परत वाचून दाखवायचा. वाचून दाखवेपर्यंत चार्ज माझ्याकडे. मग कंपोझवाल्याची सही, म्हणजे चार्ज त्याच्याकडे गेला. प्लेट चढवण्याआधी मशीनवाल्याने तारीख, वार, वेळ, ठिकाण आणि फोन नंबर या पाच गोष्टी मोठ्याने वाचायच्या. सही नसेल तर मशीन सुरू करायचं नाही, मालक स्वतः म्हणाला तरी नाही. हे शेवटचं वाक्य मी मुद्दाम घातलं. आणि तिसऱ्याच आठवड्यात मशीनवाल्या काकाने माझ्यावरच ते वापरलं. गिऱ्हाईक समोर उभं, मी म्हणतोय छाप लवकर, आणि काका म्हणतोय, सही कुठंय? असा राग आला होता! पण सही केली.

संध्याकाळी प्रेस बंद करताना दोघांनी मिळून बंद करायचं ठरलं. जाणारा सांगणार: मेन स्विच बंद केला, शाईचे डबे झाकले, उद्याचं पहिलं काम हे, याचे पैसे बाकी. दुसरा म्हणणार, घेतलं. हे तोंडाने म्हणायचं. सुरुवातीला पोरं हसायची, नाटक वाटायचं. मग सवय झाली.

उशिराचा दंड बंद केला. त्याऐवजी जो उशिरा येईल त्याचं पहिलं काम ज्याने उचललं त्याचं नाव फळ्यावर. एवढंच. उशीर पूर्ण थांबला असं नाही, एसटी चुकली की चुकली, पण कोण कुणाचा भार घेतंय ते दिसायला लागलं. आणि पगार ७ तारखेला. दोन वेळा मला त्यासाठी कागदवाल्याचे पैसे थांबवावे लागले, त्याच्या शिव्या खाल्ल्या.

चुका संपल्या का? नाही. २०११ मध्ये एका शाळेच्या पावतीपुस्तकांचे नंबर दोनदा पडले. पण पाकीट उघडल्यावर दहा मिनिटांत कळलं की कुठल्या सहीपाशी गडबड झाली. ती सही ज्याची होती तो स्वतःच पुढे आला, कारण पुढे आल्यावर काय होतं हे त्याला ठाऊक होतं: दुरुस्ती, ओरडा नाही.

त्या बायंडिंगच्या पोराकडे मी दोन वर्षांनी गेलो. तो शेजारच्या तालुक्यात एका वह्यांच्या कारखान्यात कटिंगवर होता. बाहेर चहाच्या टपरीवर भेटलो. मी पाकिटातून हजार रुपये काढून त्याच्यापुढे धरले आणि म्हटलं, तुझी चूक नव्हती. त्याने पैसे घेतले, मोजले, खिशात ठेवले. मग म्हणाला, "दादा, मी कंपोझवाल्याला सांगितलं होतं. दोनदा." मी म्हटलं, मला आता कळतंय. तो म्हणाला, "तेव्हा विचारलं असतंत तर बरं झालं असतं." चहाचे पैसे त्याने मला देऊ दिले नाहीत.

पुढच्या गुरुवारच्या व्हिडिओत जॉब कार्ड आणि बंद करतानाचा चार्ज, दोन्ही फळ्यावर आखून दाखवणार आहे. किराणा, गॅरेज, टेलरिंग आणि छोटं हॉटेल या चार धंद्यांसाठी रकाने वेगळे लागतात, ते वेगवेगळे घेईन. तोपर्यंत घरचा अभ्यास म्हणून एक करा. आज रात्री दुकान बंद करताना एका कागदावर लिहा: किल्ली, गल्ला, गॅसचा कॉक, अर्धवट राहिलेलं काम, गिऱ्हाइकाचा शेवटचा फोन. प्रत्येकापुढे एकाच माणसाचं नाव टाका, दोन नाही. 'सगळे', 'पोरं', 'आम्ही' असलं काही चालणार नाही. जिथे नाव सुचत नाही ती ओळ गोल करून ठेवा आणि गुरुवारी व्हिडिओ बघताना तो कागद समोर घेऊन बसा.